खऱ्याला पाणी भाजत नाही

थोरल्या राजाच्या धाकट्या मुलाला पाय होते, पण त्यांचा उपयोग काही नव्हता. इतर पोरं धावायला लागली तरी हा बसलेलाच. राजघरातल्या बायका त्याला उचलायला नाराज असायच्या, कारण जी उचलेल तिचे तो मूठभर केस उपटायचा. शेवटी नदीकाठच्या वस्तीतून एक दणकट, तरणी बाई आणली आणि तिच्या पाठीवर त्याला झाडाच्या सालीच्या पट्ट्याने बांधून टाकलं. ती नुकामे. तिच्या डोक्याला पुढे कायमचं टक्कल पडलं, पण तिने तक्रार केली नाही. उलट कोणी विचारलं तर ती ते टक्कल मिरवायची.

त्याच सुमारास थोरला राजा आपल्या थडग्याचा डोंगर रचून घेत होता. जिवंतपणीच रचायचा असतो, मेल्यावर इतक्या लोकांना दगड ओढायला लावणार कोण? नुकामेचा नवरा तिथेच एका दगडाखाली गेला. दगड हलवायला माणसं कमी होती म्हणून प्रेत तिथेच राहू दिलं, आणि नुकामेला कापडाचा एक तुकडा मिळाला. ती तेव्हा गरोदर होती. पुढे एक ओझं, मागे एक. मागचं ओझं राजाचं असल्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत ते खाली ठेवायची सोय नव्हती.

कळा सुरू झाल्यावर ती बाळंतिणीच्या झोपडीत गेली, तर राजपुत्राने रडून गाव डोक्यावर घेतलं. दुसऱ्या कोणाच्या पाठीवर तो बसेना. मग त्यालाही उचलून झोपडीबाहेर चटईवर आणून बसवलं आणि हातात शिंपल्यांच्या कालवणाचा वाडगा दिला. तसं बघितलं तर हा विटाळच, पण पोराच्या किंकाळ्यांपुढे विटाळ काय टिकणार. आतून रडणं ऐकू आलं तसा तो म्हणाला, "मला दाखव." दाईने दाराची चटई वर करून रक्ताने माखलेलं पोर त्याला दाखवलं.

"काय आहे?"

"मुलगी आहे, राजा."

त्याच्या हातात एक उघडलेली शिंपली होती. "मग हिचं नाव शिजिमी," तो म्हणाला. शिजिमी म्हणजे शिंपलीच. पोराने आणखी काय नाव ठेवायचं? पण नुकामेने पुढे वीस वर्षं ही हकिगत वस्तीतल्या प्रत्येकाला ऐकवली. राजाची गोष्ट म्हणून प्रत्येकाने ती दरवेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा केला.

शिजिमी मोठी होऊन मागावर बसायला लागली आणि बघता बघता राजघराचं कापड विणायला लागली. तिच्या हातचं कापड पाण्यासारखं पडायचं. इकडे थोरल्या राजामागे राजपुत्राचे दोन्ही भाऊ एकामागून एक गेले, एक खोकून, एक शिकारीत. तेव्हा घराण्यांच्या प्रमुखांनी विचार केला की पांगळाच बरा, निदान आपल्या अंगावर धावून येणार नाही. त्यांनी त्याला गादीवर बसवलं. तिथे ते फसले. समुद्रापलीकडून एक वैद्य आला, त्याने सुया टोचून आणि कडू काढे पाजून राजाला काठीवर उभं केलं. आणि उभा राहिल्याबरोबर राजा प्रमुखांच्याच मागे लागला.

तेव्हा आमच्या खोऱ्यात ज्याला त्याला देवच पूर्वज होता. डुकरं राखणाराही सांगायचा की आमच्या आज्याचा आजा ढगातून उतरला. मानाच्या नावामागे जमीन येते, माणसं येतात, म्हणून जो तो मोठं नाव लावून बसला होता. राजाने फर्मान काढलं. टेकडीवर मोठं मातीचं भांडं चढवायचं, त्यात चिखलाचं पाणी उकळायचं, तळाशी एक दगड टाकायचा. ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं आणि हात घालून दगड काढून दाखवावा. खरा असेल तर हात जसाच्या तसा. खोटा असेल तर दिसेलच.

अनेकांच्या तोंडचं पाणी पळालं. रात्रीत पुष्कळ देव पुन्हा ढगात गेले आणि सकाळी टेकडीखाली साधे शेतकरी उभे होते.

नुकामेला तिथे चाकरी मिळाली. हात घालणाऱ्याच्या बाह्या सालीच्या दोरीने वर आवळून बांधायच्या आणि त्याला धीर द्यायचा. धीर द्यायला तिच्यासारखी बाई नव्हती, कारण तिचा स्वतःचा त्या भांड्यावर पूर्ण विश्वास होता. "घाबरू नका हो," ती म्हणायची, "खऱ्याला पाणी भाजत नाही. ओढ्यातल्यासारखं गार लागतं." काहींचे हात खरंच धड निघायचे. कोणाच्या पाळीला चुलीत किती लाकूड सारायचं हे टेकडीवरचा कारभारी ठरवायचा, आणि तो ते कशावर ठरवायचा हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. नुकामेला मात्र नव्हतं. धड हात निघाला की तिचे डोळे भरून यायचे, आणि भाजून निघाला की ती तोंड फिरवायची, जशी काही त्या माणसाने तिलाच शिवी दिली.

तिच्या शेजारी तोकोरि नावाचा कुंभार राहायचा. तिची चूल त्यानेच बांधून दिली होती. आपण मूळचे मणी घडवणाऱ्यांच्या मानाच्या घराण्यातले, असं तो सांगायचा, आणि कदाचित ते खरंही असेल. पण भांड्यापाशी आल्यावर त्याने वाफ बघितली आणि टेकडी उतरून धूम ठोकली. शिपायांनी विचारलं तेव्हा नुकामेनेच सांगितलं की तो मातीच्या खाणीत लपला असेल. खोटा नव्हता तर पळाला कशाला, असं तिचं साधं म्हणणं. तोकोरिच्या डोळ्याभोवती गुन्हेगाराची खूण गोंदली आणि त्याला राजाच्या कुत्र्यांच्या वाड्यात कुत्र्यांबरोबर ठेवलं. नुकामे त्याला अधूनमधून राळ्याचा भात नेऊन द्यायची. सोबत चार शब्दही द्यायची. "खोटं बोलायला नको होतंस, बाबा." तो भात खायचा आणि वर बघायचा नाही.

मग हातामारोची पाळी आली. विणकरांच्या मोठ्या घराण्याचा हा प्रमुख राजावर दात धरून होता, कारण नव्या फर्मानात त्याची निम्मी माणसं गेली होती. त्याने दावा लावला की राजघराच्या मागावर बसणारी शिजिमी त्याच्या घरच्या दासीची मुलगी आहे. नुकामेचं मूल जन्मताच मेलं, त्याच दिवशी दासी बाळंत झाली, आणि दाईने तिचं पोर उचलून नुकामेच्या कुशीत घातलं. दाई मेलेली. दासी मेलेली. झोपडी गावाबाहेर, म्हणजे बघणारा कोणी नाही. एक होता, तो आता गादीवर होता, आणि हातामारोला तेच हवं होतं. राजा आपल्या पाठीवाल्या बाईसाठी स्वतःचंच फर्मान मोडतो का, हे त्याला सगळ्यांदेखत बघायचं होतं.

राजाने मोडलं नाही. दावा टेकडीवर जाईल, एवढंच म्हणाला.

शिजिमीला कळलं तेव्हा ती मागावरून उठून धावत घरी आली. नुकामे भाजी निवडत होती आणि चक्क खुशीत होती.

"आई, आज निघू या. नदीपलीकडे मामाचं गाव आहे."

"निघायचं? का म्हणून? चोरी केली का आपण?"

"आई, ते पाणी उकळतं असतं."

"मग? तोकोरिसारखं पळू? लोक म्हणतील, बघा, पळाली, म्हणजे पोर चोरलेलंच." नुकामे हसली. "अगं वेडे, उलट बरंच झालं. आता एकदाचं सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. परत कोणी तोंड उघडणार नाही."

"राजांना सांग ना. त्यांनी मला बघितलंय. दाईने दाखवलं होतं, तूच सांगतेस."

"एवढ्याशासाठी त्यांना त्रास द्यायचा? पाणी सांगेल की."

शिजिमीने डोकं धरलं. आईला ओढून न्यावं असं तिच्या मनात आलं होतं, पण ज्या बाईने एका राजाला दहा वर्षं पाठीवर वाहिलं तिला ओढणार कोण?

टेकडीवर त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी होती. राजा वर मांडवात बसला होता, काठी मांडीवर आडवी. हातामारो स्वतः हात घालणार नव्हता. घरचा कोणीही माणूस घालू शकतो असा नियम होता, आणि त्याने समुद्रकाठून मिठाच्या भट्टीवरचा एक म्हातारा गुलाम आणला होता. आयुष्यभर उकळत्या खाऱ्या पाण्यात हात बुडवून त्या माणसाच्या हातांची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. सगळ्यांनी ते हात बघितले. नियमात हात म्हटलं होतं, कसला ते म्हटलं नव्हतं.

म्हाताऱ्याने आपल्या मालकाचं म्हणणं पुटपुटलं, झपकन हात घातला, झपकन काढला. दगड त्याच्या मुठीत. हात जरा लाल, पण तो आधीपासून लालच होता.

मग नुकामे आली. आज तिच्या बाह्या दुसऱ्याच बाईने आवळल्या. ती बाई तिला धीर द्यायला लागली तर नुकामे म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मीच शिकवलंय तुला." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शिजिमी माझ्या पोटची आहे." आणि हात घातला.

तिने घाई केली नाही. घाबरलेला माणूस घाई करतो, आणि घाबरलेलाच वाचतो, कारण त्याचा हात पाण्यात राहतच नाही. नुकामेने हात सावकाश, कोपरापर्यंत आत सोडला, जशी ती रोज धान्य धुवायला सोडायची. मग तिचा चेहरा बदलला. तरी तिने हात काढला नाही. ती तळाशी दगड चाचपत राहिली, कारण क्षणात ते पाणी गार होणार याची तिला खात्री होती. गर्दीतल्या बायका ओरडायला लागल्या. दगड घेऊनच तिने हात वर काढला. बोटांची कातडी लोंबत होती.

ती राजाकडे बघत होती. मदतीसाठी नव्हे. काहीतरी चूक झाली आहे आणि ती त्यालाच माहीत असणार, अशा नजरेने बघत होती.

राजाला माहीत होतं. त्याने ते रडणं स्वतः ऐकलं होतं. पण एवढं बोलला असता तर पाणी खोटं ठरलं असतं. पाणी खोटं ठरलं असतं तर आजवर निघालेला प्रत्येक हात, पुसलेलं प्रत्येक नाव, काढून घेतलेली प्रत्येक जमीन पुन्हा उभी राहिली असती. हातामारो खाली मान घालून मिशीत हसत होता. राजाने काठी उचलून जमिनीवर आपटली.

"पाणी बोललं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्याने तिला बोलावून घेतलं. अस्वलाच्या चरबीचा मलम दिला, बसायला चटई दिली. तिचा हात पानांत गुंडाळलेला होता. कळा मस्तकात जात होत्या, पण तिला त्याचं काही नव्हतं.

"महाराज, एकच विचारते. तुम्ही तिथे बाहेर होता. मी कोणाचं पोर वाढवलं?"

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. मांडवात गप्प बसला त्याला कारण तरी होतं. पण त्याला तिचं तोंड बघवेना, आणि ज्याला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही तो कधीकधी फार वाईट काम करतो.

"तू शुद्धीवर नव्हतीस," तो म्हणाला. "पहिलं रडणं काही मी ऐकलं नाही. मग दाई बाहेर आली, काहीतरी गुंडाळून घेऊन गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ही मुलगी होती. मी लहान होतो, मला काय कळणार?"

नुकामेने कपाळ जमिनीला टेकवलं. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "मला वाटलं पाणीच बिघडलं."

जाताना वाटेत कुत्र्यांचा वाडा लागतो. तोकोरि कुंपणापाशी उभा होता. तिचा हात बघून तो कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"मावशी, पाणी गरम होतं म्हणून भाजलं. बाकी काही नाही."

"गप रे," नुकामे म्हणाली. "तू तर घातलासुद्धा नाहीस."

हातामारोची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी शिजिमीला न्यायला आली. रिवाज असा की जिने खोटा दावा केला तिने चार लोकांत स्वतःच्या तोंडाने तो सोडायचा. नुकामे दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ही माझी नाही." आवाज कापला नाही. मग आत येऊन शिजिमीला म्हणाली, "जा, बाई. तुझी आई त्यांच्या घरी कुठेतरी पुरलेली असेल. तिला पाणी घाल."

"बाई?" शिजिमी म्हणाली. "मला बाई म्हणतेस? आई, माझ्याकडे बघ. माझं नाक तुझं आहे. बाबांसारखी माझी पावलं वाकडी आहेत, तूच चिडवायचीस."

"ते मला तसं वाटलं असेल."

"तुला कोणी सांगितलं?"

"ज्यांना माहीत आहे त्यांनी."

चुलीवर भाताचं आधण ठेवलेलं होतं. शिजिमीने त्याच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"बघ," ती म्हणाली, "मी म्हणते, आज सूर्य उगवलाय." आणि तिने उजवा हात त्या आधणात घातला.

तिची किंकाळी बाहेरच्या माणसांनी ऐकली. हात वर आला तेव्हा तो नुकामेच्या हातासारखाच झाला होता. शिजिमी तो तिच्या तोंडासमोर धरून उभी राहिली. "सांग. खोटं बोलले मी? बाहेर जाऊन बघ ना. उगवलाय की नाही?"

नुकामेने आधी काही विचार केला नाही. तिने तो हात धरून त्यावर फुंकर घातली, लहानपणी घालायची तशी. फुंकर घालता घालता तिची नजर दारातल्या उन्हावर गेली आणि ती थांबली. ऊन चुलीपर्यंत आलं होतं. तिने शिजिमीचा हात बघितला, स्वतःचा बघितला. एवढ्या लोकांचे हात आपण आवळून त्या भांड्यात सोडले, हे तिला त्या एका क्षणात कळलं. त्या कळण्याने माणूस मरत का नाही हे मला अजून उमगलेलं नाही.

ती धावत बाहेर आली. "माझी आहे," ती म्हणाली. "ऐका, ती माझीच आहे. मी आत्ता चुकीचं बोलले. पाणी सगळ्यांनाच भाजतं."

माणसं हसली. त्यांच्यातला म्होरक्या बरा माणूस होता, त्याने तिला समजावलं. "काकू, आत्ताच तर नाही म्हणालात. टेकडीवर खोट्या ठरलात, दारात खऱ्या झालात, आता परत खोटं कशाला?" मग त्याने शिजिमीचा हात उलटून पालटून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हिच्या हाताला माग कसा धरता येणार? मालक काय म्हणतील?"

मालक फार काही बोलले नाहीत. विणकर मिळणार नाही म्हटल्यावर त्यांनी तिला समुद्रकाठी मिठाच्या भट्टीवर पाठवून दिलं. तो म्हातारा गुलाम थकला होता, त्याच्या जागी.

नुकामेची चाकरी गेली. ती राजघराच्या फाटकाशी येऊन बसायची आणि आल्यागेल्याला सांगायची की शिजिमी माझी आहे. पोरं तिच्यापुढे बाह्या वर करून हात नाचवायची. फाटकावरचे शिपाई तिला मारत नसत, कारण तसा हुकूम होता. राजाने तिला पुन्हा आत बोलावलं नाही. त्याचं राज्य मात्र चांगलं चाललं. नावं नीट लागली, घराण्यांत भांडणं राहिली नाहीत, कोठारं भरली, आणि हातामारोही पुढे त्याच्या पायाशी येऊन बसायला लागला.

पुष्कळ वर्षांनी राजा गेला. थडगं तयार होईपर्यंत प्रेत वेगळ्या घरात ठेवायचं आणि एकेका घराण्याने त्याच्यापुढे उभं राहून त्याच्या आयुष्याची आठवण सांगायची, असं असतं. गादीवर बसल्यानंतरचं सांगायला शेकडो होते. लहानपणीचं सांगायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हा कोणाला तरी नुकामे आठवली. तिला आंघोळ घालून, पांढरं नेसवून, काय बोलायचं ते पढवून आत आणलं. शिजिमी आदल्याच हिवाळ्यात भट्टीवर मेली होती. नुकामेला कोणी कळवलं नव्हतं, कारण ती तिची कोण लागत होती?

नुकामे प्रेतापाशी बसली. पढवलेलं सगळं तिने नीट सांगितलं. तो किती जड होता, केस कसे ओढायचा, झोप लागली की तिच्या मानेवर कशी लाळ गाळायचा. मोठमोठे प्रमुख रडले. मग ती पुढे वाकली आणि आपला वाळलेला, बोटं आखडलेला हात तिने त्याच्या अंगावरच्या कापडावर ठेवला.

"आता तुला कोणाची भीती आहे रे?" ती म्हणाली. "आता तर तुझं कोणी काही करू शकत नाही. सांग यांना. तिचं रडणं तू ऐकलं होतंस. मला नको सांगू, मला माहीत आहे. यांना सांग."

ती थांबली. खरंच वाट बघत होती. मग कारभाऱ्याने तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि मागच्या दाराने बाहेर काढलं. पुढच्या घराण्याचा माणूस उभा राहिला, त्याने घसा साफ केला आणि आठवण सांगायला सुरुवात केली, की या राजाच्या राज्यात कोणीही कधी खोटं बोललं नाही.